अरोराचे इलेक्ट्रॉन एवढे सुसाट पळतात ते कुणाच्या जोरावर?

कोरांटी (धागाकर्ती)

भाचीच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन आहे. तिनं विषय घेतलाय अरोरा, म्हणजे ध्रुवीय प्रकाश. तक्त्यावर लावायचा चाळीस शब्दांचा मजकूर लिहून द्यायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी लिहिलं:

"सूर्याकडून येणारे वेगवान विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवांकडे वळतात आणि वातावरणावर आदळतात. त्या धडकेने ऑक्सिजन आणि नायट्रोजन उजळतात."

सगळीकडे असंच छापलेलं असतं. पोरीनं वाचलं आणि विचारलं, "मावशी, सौर वारा सेकंदाला चारशे किलोमीटरनं येतो ना? तेवढा वेग पुरतो?" मी म्हटलं, पुरत असणार. मग रात्री कागद घेऊन बसले, तर हिशोब काही बसेना. सेकंदाला ४०० किमी वेगाच्या इलेक्ट्रॉनची गतिज ऊर्जा अर्धा इलेक्ट्रॉनव्होल्टसुद्धा (कणांची ऊर्जा मोजायचं एकक) भरत नाही, ०.४५ च्या आसपास येते. आणि ठळक अरोरातले इलेक्ट्रॉन हजारो इलेक्ट्रॉनव्होल्टचे असतात असं वाचलं. मधली चार शून्यं आली कुठून?

माझं काही चुकत असेल तर सांगा. आज मंगळवार, प्रदर्शन शनिवारी.

उगाचच

सौर वाऱ्यालाही सूर्यापासून इथवर यायला चारेक दिवस लागतात. तुमचं आणि त्याचं वेळापत्रक एकच आहे, पोचाल.

(धाग्यावर लक्ष ठेवून आहे. मलाही आजवर तुमचंच वाक्य बरोबर वाटत होतं.)

पिंगळा

हिशोब बरोबर आहे. त्यात एक भर: ०.४५ हा झाला सगळ्या वाऱ्याबरोबर वाहत येण्याचा वाटा. इलेक्ट्रॉन मुळात तापलेले असतात, त्यांची आपापली इकडेतिकडे पळापळ चालू असते, ती धरली तर साधारण १० इलेक्ट्रॉनव्होल्ट. तरी हजारांपासून लांबच.

प्रोटॉनची गोष्ट वेगळी. तो १८३६ पट जड, त्यामुळे त्याच वेगाला त्याच्याकडे ८०० च्या आसपास इलेक्ट्रॉनव्होल्ट असतात. प्रोटॉनमुळे होणारा अरोराही असतो, पण तो पसरट आणि फिका. आपण फोटोत बघतो ते लहरणारे पडदे इलेक्ट्रॉनांचे.

आडवाट

मला मुळात प्रश्नच पटलेला नाही. अरोराचा हिरवा रंग म्हणजे ऑक्सिजन अणूची ५५७.७ नॅनोमीटरची रेषा. अणूला त्या पातळीवर न्यायला साधारण ४.२ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. लाल रंगाच्या ६३० नॅनोमीटरच्या रेषेला तर दोनच्या आत. मग १० वाला इलेक्ट्रॉन आला तर काम व्हायला हवं. हजारो कशाला हवेत? मच्छर मारायला तोफ?

पिंगळा

आडवाट, तोफ मच्छर मारायला लागत नाही, मच्छरापर्यंत पोचायला लागते.

हिरवा पडदा साधारण १०० ते १५० किमी उंचीवर असतो. तिथवर उतरायचं तर वरची सगळी हवा कापत यावं लागतं. विरळ असली तरी ती हवाच. १० इलेक्ट्रॉनव्होल्टचा पाहुणा तीनशे किमीच्या वरच अडकतो. शंभर-एकशेदहा किमीपर्यंत शिरायला पाच-दहा हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट पाहिजेत.

दुसरी गोष्ट प्रखरतेची. हवेतून जाताना इलेक्ट्रॉन दर ३५ इलेक्ट्रॉनव्होल्टमागे सरासरी एक आयन-इलेक्ट्रॉन जोडी तयार करतो. म्हणजे ५००० वाला एक इलेक्ट्रॉन आपल्या वाटेवर १४० च्या आसपास जोड्या सोडून जातो, आणि त्यातून सुटलेले छोटे इलेक्ट्रॉन पुढे अणूंना टिचक्या मारत फिरतात. तुमचे ते चार इलेक्ट्रॉनव्होल्टवाले काम हेच लोक करतात. मोठा नुसता घेऊन येतो, वाटप छोटे करतात.

लाल रंग वर का दिसतो तेही यातच आलं. लाल रेषेच्या पातळीवर गेलेला ऑक्सिजन अणू प्रकाश सोडायला सुमारे ११० सेकंद घेतो. खाली दाट हवेत तोवर कुणीतरी त्याला धडकून ऊर्जा काढून घेतं. दोनशे किमीच्या वर धक्काबुक्की कमी, तिथे त्याला उजळायला सवड मिळते. हिरव्याला पाऊण सेकंद पुरतो.

ताम्हण

दोन वर्षांपूर्वी नॉर्वेत ट्रॉम्सोला गेलो होतो तेव्हा पाहिलाय. पहिला तासभर एक फिकट, बावळट पट्टा होता, ढग की अरोरा तेही कळेना. मग अचानक त्या पट्ट्याला सुरकुत्या पडल्या, उभे दांडे उमटले आणि खालच्या काठाला गुलाबी किनार आली. ती किनार इतकी झरझर सरकत होती की मान वळवेपर्यंत दुसरीकडे. सात-आठ मिनिटांत खेळ संपला.

तेव्हापासून मनात आहे ते विचारतो. सूर्याचा वारा तर तासन्‌तास एकसारखा वाहतो म्हणतात. मग हे अचानक अंगात येणं कशामुळे?

पिंगळा

गुलाबी किनार नायट्रोजनची. ती दिसली म्हणजे त्या क्षणी येणारे इलेक्ट्रॉन जास्त ऊर्जेचे होते, शंभर किमीच्याही खाली घुसत होते. नशीबवान आहात.

बाकीच्या प्रश्नाला शून्यवेध यांना हाक मारतो. प्लाझ्मा, म्हणजे विद्युतभारित कणांचा वायू, हा त्यांचा प्रांत.

शून्यवेध

आलो. जरा लांब लिहितो, चहा घेऊन बसा.

"सूर्याचे कण आदळतात" या वाक्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. ऊर्जा पुरवतो कोण, हा एक. आणि शेवटचा धक्का देतो कोण, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर सूर्य. दुसऱ्याचं उत्तर पृथ्वीच्या अगदी जवळ सापडतं, डोक्यावर काही हजार किलोमीटरवर. छापील वाक्यात हा दुसरा भाग गळालेला असतो.

सौर वारा पृथ्वीच्या चुंबकावरणावर, म्हणजे तिच्या चुंबकीय क्षेत्राच्या अवकाशातल्या पसाऱ्यावर, आदळतो तेव्हा त्यातला बहुतेक भाग बाजूनं निघून जातो. पण जाता जाता तो चुंबकावरणाला ताणतो, रात्रीच्या बाजूला त्याची लांब शेपटी काढतो. त्या शेपटीत ऊर्जा साठत जाते, रबर ताणल्यासारखी. मग क्षेत्ररेषा एका ठिकाणी तुटून नव्यानं जोडल्या जातात आणि साठलेलं एकदम सुटतं. ताम्हण, तुमच्या पट्ट्याच्या अंगात आलं ते यामुळे. याला उपवादळ म्हणतात, आणि आकाशात ते कोणत्या क्रमानं उलगडतं याचं चित्र आकासोफू यांनी १९६४ मध्ये मांडलं. थेमिस मोहिमेचे पाच उपग्रह २००७ मध्ये सोडले ते मुख्यतः हे सुटणं नेमकं कुठे सुरू होतं ते पकडायला. २६ फेब्रुवारी २००८ च्या उपवादळात त्यांना दिसलं की जोडणी पृथ्वीच्या वीसेक त्रिज्या अंतरावर, म्हणजे चंद्राच्या वाटेवर साधारण एकतृतीयांश अंतरावर झाली आणि त्यानंतर दीडेक मिनिटात अरोरा भडकला.

तर शेपटीतल्या इलेक्ट्रॉनांपाशी काही शे ते हजारभर इलेक्ट्रॉनव्होल्ट जमतात. कोरांटीताई, तुमची चारपैकी तीन शून्यं इथे भरून निघाली. पण पडदा तेवढ्यानं लागत नाही. अडचण दुहेरी आहे.

एक तर ऊर्जा अजून कमी पडते. दुसरं, हे इलेक्ट्रॉन खाली येतच नाहीत. इलेक्ट्रॉन क्षेत्ररेषेभोवती गिरक्या घेत सरकतो. पृथ्वीजवळ क्षेत्र बळकट होत जातं तशा त्याच्या गिरक्या वाढतात आणि पुढं सरकणं घटतं. एका जागी पुढची चाल शून्य होते आणि तो उलटा फिरतो. याला चुंबकीय आरसा म्हणतात. शेपटीतून निघालेल्यांपैकी जे जवळजवळ सरळ रेषेच्या दिशेनंच निघालेत, दोन-तीन अंशांच्या आत, तेवढेच हवेपर्यंत पोचतात. बाकीचे वरच्या वर उत्तर-दक्षिण येरझारा घालत राहतात.

मग ठळक पडद्याला लागणारा इलेक्ट्रॉनांचा लोंढा येतो कुठून? रेषेच्या दिशेनं त्यांना कुणीतरी खाली रेटलं पाहिजे.

पहिला रेटणारा म्हणजे विद्युत दाब. चुंबकावरण आणि आयनावरण (वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर) मिळून एक मोठं विद्युत मंडल आहे. क्षेत्ररेषांवरून प्रवाह खाली येतो, शंभरेक किमीवर आडवा वाहतो, दुसऱ्या रेषांवरून वर जातो. एकूण प्रवाह दहा लाख अँपिअरच्या घरातला. हे मंडल नॉर्वेच्या क्रिस्टियान बिर्कलान यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच मांडलं होतं, आणि निर्वात पेटीत चुंबकित गोळ्यावर इलेक्ट्रॉन सोडून ध्रुवांभोवती उजेडाची कडीही करून दाखवली होती. इलेक्ट्रॉन थेट सूर्यावरून येतात हे त्यांचं म्हणणं टिकलं नाही. प्रवाहांचं टिकलं, पण त्याला दुजोरा मिळायला १९६०-७० च्या दशकातले उपग्रह यावे लागले. बिर्कलान १९१७ मध्येच वारले.

वर जाणारा प्रवाह म्हणजे खाली येणारे इलेक्ट्रॉन. मंडल मागणी करतंय, "एवढा प्रवाह पाहिजे." पण आरशामुळे खाली येऊ शकणारे इलेक्ट्रॉन मोजकेच. मागणी जास्त आणि वाहणारे कमी, तेव्हा त्या टापूत रेषेच्या दिशेनं विभवांतर, म्हणजेच विद्युत दाब, उभं राहतं, काही हजार व्होल्टचं. ते इलेक्ट्रॉनांना खाली खेचतं, त्यांची दिशा सरळ करतं आणि आरसा चुकवून हवेत पोचवतं. प्रवाह आणि विभवांतर यांचं गणित नाइट यांनी १९७३ मध्ये मांडलं. हे घडतं ते साधारण ५००० ते १२००० किमी उंचीवर.

उगाचच

म्हणजे पाणी दीडशे कोटी... चुकलो, पंधरा कोटी किलोमीटरवरून यायचं आणि पंप शेवटच्या मजल्यावर. कळलं.

आडवाट

शून्यवेध, मांडणी सुरेख आहे पण मला दोन खडे लागले.

१. प्लाझ्मा उत्तम वाहक. वाहकात क्षेत्ररेषेच्या दिशेनं हजारो व्होल्ट टिकतीलच कसे? इलेक्ट्रॉन क्षणात धावून तो दाब पुसून टाकतील.

२. स्थिर विद्युत क्षेत्रात कण आत गेला आणि पलीकडून बाहेर आला तर निव्वळ कमाई शून्य. दरीत उतरलेला चेंडू पलीकडे चढताना तेवढाच थकतो. मग ही ऊर्जा फुकटची कशी?

शून्यवेध

दोन्ही खडे जुने आणि खरे आहेत. यावर कित्येक वर्षं भांडणं झाली आहेत.

पहिला. त्या उंचीवर प्लाझ्मा अतिशय विरळ असतो, टक्कर जवळपास नाहीच. ज्यांनी धावून दाब पुसायचा ते इलेक्ट्रॉनच पुरेसे नाहीत, आणि जे आहेत त्यातले बरेच आरशानं अडवलेले. वाहकात दाब टिकत नाही हे खरं, पण वाहकात वाहणारेच कमी पडले तर?

दुसरा. चेंडूचं उदाहरण बंद वाटेला लागू पडतं. इथे इलेक्ट्रॉन दरीत उतरतो आणि तळाशीच हवेत खपतो, पलीकडे चढत नाही. बॅटरीला जोडलेला दिवा आठवा. तारेतलं क्षेत्र स्थिरच असतं, तरी दिवा तापतो, कारण किंमत बॅटरी मोजत असते. इथे बॅटरीचं काम चुंबकावरणातला वाहता प्लाझ्मा करतो, आणि त्याला वाहवतो सौर वारा.

आता पुरावा, कारण गणित कागदावर काहीही म्हणेल. १९६० मध्ये मॅकइल्वेन यांनी रॉकेटवरची मोजणी छापली. अरोरातले इलेक्ट्रॉन बरेचसे एकाच ऊर्जेचे, सुमारे ६ हजार इलेक्ट्रॉनव्होल्टचे निघाले. नुसत्या तापलेल्या गर्दीत सगळे एका उंचीचे कसे असतील? सगळे एकाच पायरीवरून खाली पडले असतील तरच. मग १९७१ मध्ये फ्रँक आणि अॅकरसन यांनी उपग्रहाच्या नोंदीत एक आकृती दाखवली. उपग्रह पडद्यावरून आडवा जाताना इलेक्ट्रॉनांची ऊर्जा चढत जाते, मध्यावर शिखर गाठते, उतरते. उलट्या व्ही सारखी दिसते म्हणून नावही तेच पडलं.

आणि आडवाट, तुम्हाला आवडेल असा पुरावा १९७६ मध्ये गेलेल्या एस३-३ उपग्रहाचा. जो दाब ऋणभारित इलेक्ट्रॉनांना खाली ढकलतो त्यानं धनभारित आयनांना वर फेकलं पाहिजे. ८००० किमीपर्यंत जाणाऱ्या त्या उपग्रहाला वर निघालेले आयनांचे झोत सापडले. त्यात ऑक्सिजनचे आयनही होते. ते सूर्याचे नव्हेत, आपल्याच वातावरणातले. १९९६ मध्ये सोडलेल्या फास्ट उपग्रहानं तर त्याच टापूतून फेऱ्या मारत इलेक्ट्रॉन, आयन आणि क्षेत्रं एकदमच मोजली.

आडवाट

वर निघालेल्या आयनांचा मुद्दा बिनतोड आहे. पहिला खडा मागे घेतो. दुसराही, थोडा कुरकुरत.

कोरांटी

वाचतेय. पहिल्या वेळी अर्धं कळलं, दुसऱ्या वेळी बरंच कळलं. भाचीला आरशाची गोष्ट सांगितली तर ती दोरी हाताला गुंडाळत बसली. मुठीजवळ आलं की दोरी फिरते जास्त, पुढं सरकते कमी, असं तिचं म्हणणं. बरोबर की चूक मला माहीत नाही.

तक्त्यावर "डोक्यावरची बॅटरी" असं लिहू का?

गारवेल

थांबा थांबा, बॅटरी लिहू नका अजून. २०२१ मध्ये बातमी होती ना, अरोराचं कोडं सुटलं म्हणून? इलेक्ट्रॉन कसल्याशा लाटांवर स्वार होऊन येतात, प्रयोगशाळेत करून दाखवलं, वगैरे. म्हणजे विद्युत दाबाची गोष्ट मोडीत निघाली का?

शून्यवेध

मोडीत नाही. बातमीचा मथळा नेहमीप्रमाणे प्रयोगापेक्षा मोठा होता. पण प्रयोग फार देखणा आहे, म्हणून सविस्तर.

रेटणारा दुसरा गडी म्हणजे आल्फवेन लाटा. चुंबकीय क्षेत्ररेषा ताणलेल्या तारेसारखी वागते आणि तिला चिकटलेला प्लाझ्मा तारेला वजन देतो. तार छेडली की थरथर तिच्यावरून धावते. हान्नेस आल्फवेन यांनी १९४२ मध्ये या लाटा कागदावर मांडल्या. वाहक द्रवात अशी लाट असते हे तेव्हा अनेकांना पटेना. १९७० मध्ये त्यांना नोबेल मिळालं.

शेपटीत रबर सुटतं तेव्हा याच लाटा रेषांवरून पृथ्वीकडे निघतात. वाटेत त्यांचा वेग वाढत जातो, कारण क्षेत्र बळकट होतं पण प्लाझ्मा विरळच राहतो. हलकी आणि ताठ तार. पृथ्वीपासून साधारण एका त्रिज्येच्या उंचीवर हा वेग सेकंदाला हजारो, कधी दहा-वीस हजार किलोमीटर होतो.

साध्या आल्फवेन लाटेत क्षेत्ररेषेच्या दिशेनं विद्युत क्षेत्र नसतं, त्यामुळे ती इलेक्ट्रॉनाला पुढे ढकलू शकत नाही. पण लाट आडव्या दिशेनं फार बारीक झाली, एखाद्या किलोमीटरच्या मापात आली, तर इलेक्ट्रॉनांचं जडत्व आड येतं आणि रेषेच्या दिशेनं छोटं क्षेत्र तयार होतं. हे क्षेत्र लाटेबरोबर धावतं.

आता चालत्या गाडीत चढायची कल्पना करा. उभ्यानं दांडी धरायला गेलात तर हात निसटतो. गाडीच्या वेगाच्या जवळपास पळत असलात तर ती उचलून घेते. लाटेहून किंचित हळू असलेल्या इलेक्ट्रॉनांना लाट पुढे ओढते, किंचित जलद असलेल्यांना मागे खेचते. हळू असलेले संख्येनं जास्त, म्हणून एकंदरीत लाट देते आणि इलेक्ट्रॉन घेतात. लांडाऊ यांनी १९४६ मध्ये हे गणितातून काढलं. त्याला लांडाऊ डॅम्पिंग म्हणतात, म्हणजे टक्कर न होताच लाटेचं मरत जाणं.

आणखी एक प्रकार. लाटेचा माथा जोरदार असेल तर समोर सापडलेला इलेक्ट्रॉन त्याच्यावरून उसळतो. जवळजवळ थांबलेल्या चेंडूला वेगानं येणारी बॅट लागली तर चेंडू बॅटच्या दुप्पट वेगानं जातो, तसं. लाट सेकंदाला २०,००० किमीची असेल तर इलेक्ट्रॉन ४०,००० वर जातो. कोरांटीताई, कागद काढा. साडेचार हजार इलेक्ट्रॉनव्होल्ट येतील.

कोरांटी

काढला. ४५००. अंगावर काटा आला हो.

गारवेल

मग प्रयोगशाळेत नवीन काय केलं? आणि उपग्रह असताना प्रयोगशाळा कशाला?

शून्यवेध

उपग्रहांनी लाटाही पाहिल्या होत्या आणि त्याच जागी पळणारे इलेक्ट्रॉनही. पोलर उपग्रहाच्या मोजणीत पृथ्वीपासून चार-सहा त्रिज्यांवर खाली निघालेल्या आल्फवेन लाटांची ऊर्जा अरोरा पेटवायला पुरेशी निघाली. पण उपग्रह स्वतःच सेकंदाला काही किलोमीटरनं पळत असतो. क्षणभर एका जागी असतो, पुढच्या क्षणी दुसऱ्या. "ही लाट होती, हे इलेक्ट्रॉन होते" एवढं सांगता येतं. "या लाटेनं या इलेक्ट्रॉनांना ढकललं" हे छातीठोकपणे सांगायला एकाच जागी उभं राहून मोजावं लागतं.

ते काम लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या मोठ्या प्लाझ्मा यंत्रात झालं. सुमारे वीस मीटर लांबीची नळी, आत चुंबकीय क्षेत्र आणि प्लाझ्मा. श्रोडर, हाउज, क्लेट्झिंग आणि सहकाऱ्यांनी त्यात आल्फवेन लाटा सोडल्या आणि इलेक्ट्रॉनांच्या वेगात होणारा बदल मोजला. खरी किमया मोजण्यात आहे. लाटेच्या वेगानं पळणारे इलेक्ट्रॉन एकूण गर्दीत मूठभर, त्यांच्यातला फरक तर त्याहून सूक्ष्म. मोजायला त्यांनी दुसऱ्याच जातीची लाट वापरली. ती प्लाझ्मातून जाताना किती शोषली जाते यावरून कोणत्या वेगाचे किती इलेक्ट्रॉन आहेत ते काढलं. नुसती तयारी करण्यात वर्षानुवर्षं गेली. निकाल गणिताशी जुळला, लाट आपली ऊर्जा इलेक्ट्रॉनांना देताना प्रत्यक्ष दिसली. जून २०२१ मध्ये ते प्रसिद्ध झालं.

तेव्हा "कोडं सुटलं" पेक्षा "दुसऱ्या गड्याला कामावर असताना पकडलं" म्हणा.

आडवाट

मग आकाशात दोघांपैकी कोण कामावर आहे हे ओळखायचं कसं?

शून्यवेध

ऊर्जेच्या वाटपावरून. स्थिर दाबातून आलेले सगळे जवळपास एका ऊर्जेचे, मॅकइल्वेन यांच्यासारखे. लाटेवरून आलेले पाच-पन्नासपासून हजारोंपर्यंत सगळ्या मापांचे.

डोळ्यांनी सांगायचं तर खात्री देता येत नाही, पण ठोकताळा असा: शांत, एकसंध, बराच वेळ टिकणारी कमान ही बहुधा दाबाची करणी. उपवादळ फुटताना झरझर सरकणारे, उभ्या दांड्यांचे, बारीक पापुद्र्यांचे पडदे यात लाटांचा हात मोठा. ताम्हण, तुम्ही बहुधा दोघांनाही पाहिलंत. आधी एक, मग दुसरा.

ताम्हण

"बावळट पट्टा" हे शब्द मागे घेतो. त्या पट्ट्यामागे एवढे हजार व्होल्ट उभे होते हे तेव्हा कुणी सांगितलं असतं तर टोपी काढून बघितलं असतं. (नसती काढली. थंडी फार होती.)

निमूट

पहिल्यांदाच लिहितेय. लुकलुकणाऱ्या अरोराबद्दल कुणी बोललं नाही. पहाटेच्या बाजूला मोठे फिके ठिपके काही सेकंदांच्या तालावर पेटतात-विझतात, व्हिडिओत पाहिलेत. ते दाब की लाट?

शून्यवेध

स्वागत आहे, आणि प्रश्न नेमका. ते लाटेचंच काम, पण वेगळ्या लाटेचं आणि वेगळ्या तऱ्हेनं. तिथे इलेक्ट्रॉनांना खाली ढकलावं लागत नाही. विषुववृत्ताच्या वर, दूर चुंबकावरणात कोरस नावाच्या लाटा असतात. त्या आधीच दहा हजारांच्या पुढे ऊर्जा असलेल्या, येरझारा घालणाऱ्या इलेक्ट्रॉनांची दिशा जराशी बिघडवतात. दिशा सरळ झाली की आरसा चुकतो आणि ते हवेत पडतात. जपानच्या अरासे उपग्रहानं कोरस आणि आरशातून निसटणारे इलेक्ट्रॉन एकत्र टिपले, २०१८ मध्ये ते छापून आलं.

गंमत म्हणजे अरोरातून हवेत ओतल्या जाणाऱ्या एकूण ऊर्जेचा मोठा वाटा अशा फिक्या, पसरट प्रकाशाचाच असतो. कॅमेरे मात्र पडद्यांकडे.

पिंगळा

कॅमेरेवाल्यांवरचा टोमणा पोचला.

गुरूची भर घालतो. तिथे जुनो यान २०१६ पासून आहे. गुरूच्या ध्रुवांवर चार लाख व्होल्टपर्यंतचे विभवांतर सापडले, पृथ्वीवरच्या सर्वात मोठ्यांच्याही दहा ते तीस पट. साहजिकच वाटलं की तिथला सर्वात प्रखर अरोरा यानंच होत असणार. झालं उलटं. सर्वात प्रखर भागात सगळ्या मापांची खिचडी सापडली, म्हणजे दुसऱ्या गड्यासारखी लक्षणं.

कोरांटी

नवा मजकूर. शब्द मोजलेत, चाळीसच्या आत आहे.

"सूर्याकडून येणारा वारा पृथ्वीच्या चुंबकावरणाला ऊर्जा देतो. काही हजार किलोमीटर उंचीवर विद्युत दाब आणि लाटा ही ऊर्जा इलेक्ट्रॉनांना देऊन त्यांना खाली ढकलतात. ते शंभरेक किलोमीटरवरच्या हवेवर आदळतात आणि ऑक्सिजन, नायट्रोजन उजळतात."

आडवाट

सुरुवातीला "ठळक अरोरात" घाला, नाहीतर निमूटताईंचे ठिपके रुसतील. बाकी झकास.

कोरांटी

घातलं. आता पोरीचा पुढचा प्रश्न, मी फक्त पोचवतेय: "मग सूर्याचा इलेक्ट्रॉन थेट येऊन कधीच उजेड पाडत नाही का?"

शून्यवेध

पोरीला माझा नमस्कार सांगा. पाडतो, क्वचित.

तुमच्या पहिल्या हिशोबात, आणि आमच्या सगळ्यांच्याही, एक गट राहून गेला. सौर वाऱ्यात थोडे इलेक्ट्रॉन काही शे इलेक्ट्रॉनव्होल्टचे असतात आणि ते सूर्याच्या क्षेत्ररेषांवरून सरळ बाहेर धावतात. ध्रुवाच्या माथ्यावर पृथ्वीच्या रेषा सूर्याच्या रेषांना जोडलेल्या असतात, तिथून ते थेट आत येतात. याला ध्रुवीय पाऊस म्हणतात. एरवी तो इतका विरळ असतो की डोळ्याला काही दिसत नाही. वाटेतल्या सौर वाऱ्याच्या गर्दीत बरेचसे विखुरतात.

२५ डिसेंबर २०२२ ला सौर वारा जवळजवळ आटला. गर्दी नाही, विखुरणं नाही. त्या दिवशी नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या लाँगयिअरब्येनमधल्या कॅमेऱ्यांनी ध्रुवाच्या माथ्यावर हिरवा उजेड टिपला. ना पडदे, ना दांडे, नुसता गुळगुळीत हिरवा, हजारो किलोमीटर पसरलेला. होसोकावा आणि सहकाऱ्यांनी २०२४ मध्ये तो ध्रुवीय पावसाचा असल्याचं दाखवलं.

उगाचच

म्हणजे ताईंचा पहिला मजकूर त्या दिवशी लावला असता तर बरोबर होता. आणि तोही वारा पडल्यावर!

कोरांटी

ती म्हणतेय दोन्ही तक्ते लावू. जुन्याच्या खाली "२५ डिसेंबर २०२२ पुरते" अशी चिठ्ठी.